गेटाबाहेर नेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. आलेल्याला आधी 'बसा' म्हणावं अशी आपल्याकडची रीत आहे, पण मी तुम्हाला तसं म्हणणार नाही. उभ्यानेच ऐका. माझ्यावर जे जे बसले, त्यांचं शेवटी काही चांगलं झालेलं मी पाहिलं नाही. त्यात माझा दोष नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. टॉवेल विणणारे काही जुने माग तेव्हा मोडीत निघाले होते. त्यांचे अँगल आणि पाइप कापून कोंडीबाने मला तयार केली. कोंडीबा मूळचा मंगळवेढ्याकडचा. कारखान्यात माग दुरुस्त करायचा. आठवडाभर खडखडाटात काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचं, एवढंच त्याचं आयुष्य होतं. कामगारांनी मिळून एक फुटबॉल क्लब काढला होता. खेळणारे थोडे आणि ओरडणारे शेकडो, असा तो आमचा छोटासा क्लब.

मला बनवली ती प्रशिक्षकासाठी. सामना जिंकला की प्रशिक्षकाला खुर्चीसकट उचलायचं आणि मैदानाला फेरी मारायची, ही कोंडीबाची कल्पना. म्हणून त्याने मला पालखीला असतात तसे दोन दांडे जोडले. पुढे दोघांनी धरायचं, मागे दोघांनी. मला मैदानाच्या कडेला ठेवली तेव्हा मी फार खूश होते. माझं तोंड खेळाकडे होतं आणि पाठ पायऱ्यांकडे. पायऱ्यांवर बसलेली माणसं मला कधी नीट दिसली नाहीत, पण त्यांचं बोलणं सगळं ऐकू आलं.

पहिले बसले ते रामहरी मास्तर. एक वर्ष त्यांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. दुसऱ्या वर्षी संघ हरू लागला. एकदा मध्यंतरात मास्तर खेळाडूंना समजावत होते, तेवढ्यात चौघांनी मला रिकामीच उचलली आणि गेटाबाहेर नेऊन रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मास्तर परत आले. खुर्चीची जागा मोकळी बघून त्यांनी आपली पिशवी घेतली आणि कुणाशी न बोलता निघून गेले. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, म्हणून ही पद्धत लोकांना फारच सभ्य वाटली. मग तोच रिवाज पडला. मास्तरांनंतर आलेले दोघेही असेच गेले.

त्यानंतर दिपक सर आले. ते शहरातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. माणूस अतिशय शांत. माझ्या हातावर उजवा हात टेकवून बसायचे, आणि काही सांगायचं असलं की तो हात नुसता वर करायचे. खेळाडूंना तेवढं पुरायचं. पहिल्या वर्षी आम्ही असे काही जिंकलो की माझे दांडे कधी थंडच झाले नाहीत. प्रत्येक फेरीत कुणी ना कुणी आपल्या कारखान्यातला कोरा टॉवेल आणून सरांच्या गळ्यात घालायचा.

"सर, तुमी हितं हाय तंवर आमाला कुणाचं भ्या न्हाय बगा!" कोंडीबा म्हणायचा.

सर हसायचे. "अजून सगळी स्पर्धा बाकी आहे की, कोंडीबा."

मला मात्र हसू यायचं नाही. रामहरी मास्तरांनाही लोक असंच म्हणत होते, हे मला आठवत होतं.

लोकांचा सगळ्यात लाडका खेळाडू होता पृथ्वीराज, दुधनीचा. त्याच्या पायात चेंडू आला की पायऱ्या दणाणायच्या. दुसऱ्या वर्षी एका सरावाच्या वेळी त्याचा गुडघा दुखावला. तो सरांजवळ, अगदी माझ्या पायाशी येऊन बसला. डॉक्टरांनी काही महिने खेळू नको म्हणून सांगितलं होतं. आता खेळला असता तर गुडघा कायमचा गेला असता, आणि त्याच्यामागे पोलीस भरतीही.

"सर, कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "लोकांत बभ्रा झाला तर भरतीत अडचण हुईल."

"नाही सांगत," सर म्हणाले.

आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही. पृथ्वीराज बाहेर बसू लागला आणि संघ हरू लागला. मागून आवाज यायचे, "पृथ्वीला घाला!" सर मान वळवायचे नाहीत. वळवली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं.

मित्रांनो, माणसांचं मन पालटतं ते आधी त्यांच्या बोलण्यात कळतं. आधी ते 'सर' होते. मग नुसते 'दिपक' झाले. मग 'ह्यो' झाले.

"ह्येला काय कळतंय फुटबालमदलं?"

"पृथ्वीसंगं कायतर खुन्नस हाय ह्येची."

"बोलत न्हाय बग. लई ताठा हाय."

मला ओरडण्याची भीती वाटत नाही. ओरडणारा माणूस थोड्या वेळाने दमतो आणि शेंगा खायला लागतो. पण एक दिवस सरांच्या मागे लोक हसू लागले, हळू आवाजात, एकमेकांत. मास्तरांच्या वेळी मी तेच हसणं ऐकलं होतं. तेव्हापासून सर उठून खेळाडूंकडे गेले की ते परत येऊन बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

शेवटचा सामना आला. हरलो असतो तर क्लब खालच्या गटात गेला असता आणि सरही गेले असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊन एवढं होतं की माझ्यावर हात ठेववत नव्हता. सरांनी पृथ्वीराजला घरीच थांबायला सांगितलं होतं, नाहीतर लोकांनी त्याला ओढून मैदानात ढकललं असतं. दुसरा राखीव खेळाडू आधीच आत गेला होता. त्यामुळे त्या कडेला सर एकटेच होते आणि मी.

उत्तरार्धात आमच्यावर एक गोल चढला. सरांनी काही सांगण्यासाठी हात वर करायला घेतला, पण हात वर आला नाही. तो माझ्या हातावरून घसरला आणि खाली लोंबू लागला. मग सरांचं सगळं वजन माझ्या उजव्या बाजूला आलं. त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. तेवढ्या उन्हातही मी गार पडले. या माणसाला काहीतरी भयंकर झालं आहे हे मला कळलं, आणि ते दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं.

"अवो, पृथ्वीला बोलवा की फोन करून!" मागून कुणी ओरडलं.

सर गप्प.

"बगा, मान बी हालवत न्हाय. दगड हाय दगड."

"उचला रं खुर्ची!"

"आदी उटू दे की त्यास्नी," कोंडीबा म्हणाला.

"उटत न्हाय म्हंतोय तर बसल्यालंच न्या!"

यावर सगळ्या पायऱ्या हसल्या. कोंडीबा खाली उतरला, माझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उटताय न्हवं? इज्जतीनं सांगतोय."

उत्तर आलं नाही. तेव्हा कोंडीबाने दांड्याचं मागचं टोक धरलं, आणि आणखी तिघांनी मागूनच येऊन बाकीची टोकं धरली.

मी जमेल तेवढ्या जोरात करकरले. "तेल मागतीया खुर्ची," पुढचा एक जण म्हणाला आणि पुन्हा हशा झाला. पुढच्या दोघांची सरांकडे पाठ होती. मागच्या दोघांना फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. ते डोकं एका बाजूला कललं, तेव्हा कोंडीबाला वाटलं की सर लाजेने तोंड लपवत आहेत. तो खाली बघून चालू लागला. मैदानावरच्या खेळाडूंनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. हा रिवाज त्यांनाही माहीत होता.

मला गेटाबाहेर रस्त्याकडे तोंड करून ठेवलं. तेवढ्यात आत एकदम गलका झाला. आमच्या संघाने गोल केला होता! चौघेही धावत आत गेले.

"बगितलं का? ह्येला भायेर काडला की गोल झाला!" हे वाक्य मी गेटाबाहेरून ऐकलं. आजही ते माझ्या कानात आहे.

समोरून ट्रक जात होते. सर उन्हात बसले होते. गेटाजवळ नागम्माचा चहाचा गाडा होता. सरांची कीव येऊन ती पेला घेऊन त्यांच्यासमोर आली, आणि जागीच थांबली.

"अय्यो! सर! तोंड वाकडं झालंय की वो ह्यांचं! कोनतर या हो! या की!"

आत टाळ्या वाजत होत्या. तिचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. शेवटी तिने रस्त्यात उभं राहून एक मालाचा टेम्पो अडवला, आणि ड्रायव्हरच्या मदतीने सरांना त्यात घातलं. टॉवेलच्या गठ्ठ्यांवर निजून सर दवाखान्यात गेले.

सर वाचले. पण उजवं अंग गेलं आणि वाचाही जवळपास गेली. लगेच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ही गोष्ट कोंडीबाने गेटाजवळ नागम्माकडूनच ऐकली. मग तो कितीतरी वेळ माझ्यापुढे उभा राहिला. "मी इचारलं हुतं त्यास्नी," तो स्वतःशीच म्हणत होता. "मागनं इचारलं हुतं."

पुढच्या मोसमात मला पुन्हा आत आणलं, नवा रंग दिला. पहिल्या सामन्याला सरांना बोलावलं होतं. त्यांची बायको संघप्रिया त्यांना धरून घेऊन आली. लोक उभे राहिले. हार आले, टॉवेल आले, 'दिपक सरांचा विजय असो' झालं. कितीतरी जण रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी सरांना माझ्यावर बसवलं आणि कुणीतरी प्रेमाने ओरडलं, "उचला सरांना!"

दांड्यांना हात लागले. सरांच्या डाव्या हाताने मला इतकं घट्ट धरलं की त्यांची नखं नव्या रंगात रुतली. त्यांची भीती माझ्यापर्यंत पोचली, पण मागच्या कुणापर्यंत पोचली नाही.

संघप्रिया समोर होती. तिला दिसलं. "खाली ठेवा!" ती म्हणाली. "कुणीही हात लावायचा नाही आता."

लोक ओशाळून मागे सरले. गर्दीत पृथ्वीराज उभा होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि फार कष्टाने, एकेक अक्षर जुळवत विचारलं, "पृथ्वी... पळाला?"

पोरगा हुंदके देऊ लागला. "पळालो, सर, भरतीच्या मैदानात. गुडगा टिकला. भरतीत निवड झाली माजी."

"कसला गुडगा?" कोंडीबाने विचारलं.

मग पृथ्वीराजने सगळं सांगितलं. सरांनी त्याला का बसवलं होतं, आणि कुणाला का सांगितलं नव्हतं. मैदान गप्प झालं. एवढी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आता यांना कळलं, असं मला वाटलं. मी सुटकेचा श्वास टाकणारच होते.

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक आवाज आला. "मंजी ह्येच्यामुळं झालं म्हना की सगळं."

"तुला त्याच येळंला सांगाय काय झालतं रं?"

"भरती पायजे व्हती साह्यबाला!"

कुणीतरी हळूच हसलं. मग पायऱ्यांवरून पावलं खाली उतरू लागली. या वेळी ती माझ्याकडे येत नव्हती, पृथ्वीराजकडे जात होती. सरांनी डावा हात माझ्यावर आपटला. 'नाही, नाही' असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून नुसता आवाज आला.

"बगा, सर बी त्येच म्हंत्यात!" मागचा एक जण ओरडला.

कोंडीबा एकटा वळला. तो माझ्यासमोर आला, गुडघे टेकून बसला आणि सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठून पृथ्वीराजच्या पुढे जाऊन उभा राहिला. पावलं काही थांबली नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही उद्या कुठल्या तरी मैदानावर जाल आणि आपल्या माणसांसाठी ओरडाल. खुशाल ओरडा, हरल्यावर रागवा. पण कुणाला जागेवरून उचलायचं ठरवाल, तेव्हा आधी चार पावलं चाला आणि त्याच्यासमोर या. काय विचारायचं ते त्याच्या तोंडाकडे बघून विचारा, आणि तो गप्प राहिला तर का गप्प आहे तेही बघा. कोंडीबाला समोर यायला सरांची वाचा जावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.