रविवार दुपारची खोली

प्रांजल फार कमी बोलते, असं चारकोपच्या सेक्टरमधले शेजारी म्हणत. ते खरं नव्हतं. प्रांजल बोले पुष्कळ, पण वाक्याचं शेपूट सांभाळून. "निघालीस का गं?" असं आईने विचारलं की उत्तर येई, "निघायचंय." "जेवलीस?" तर "झालं जेवण." "कुठे गेली होतीस?" तर "काम होतं जरा." 'मी जाते', 'मी आले' हे शब्द प्रांजलच्या तोंडून शेवटचे कधी निघाले, ते आईला, सुगंधाबाईंना, सांगता आलं नसतं. पोरगी तुटक बोलते, बापावर गेलीय, एवढंच त्या म्हणत.

लहानपणी हा त्रास नव्हता. घरात तेव्हा चोवीस तास मालवणी चाले, आणि मालवणीत लहान पोरीला 'ता', म्हणजे 'ते', म्हणतात. "ता खंय गेला?" "आमचा चेडू इला गे!" चेडू ना बाई ना बाप्या, चेडू म्हणजे नुसतं पोर. पुढे शाळा आली, शेजार आला, मग लग्नाची स्थळं यायला लागली, आणि कधीतरी घरातल्या बोलण्यात 'ता'ची 'ती' झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रांजलला मात्र वाटलं, आपण झोपेत असताना कुणीतरी आपले कपडे बदलून गेलंय.

नोकरी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायच्या कारखान्यात. शेजारच्या टेबलावर माधुरी बसे. ती गडहिंग्लजकडची. सकाळी दारातूनच ओरडे, "आलो गं मी!" सगळे हसत.

"ए माधुरी, आलो नाही, आले!" मशीनवर काचा धरणारा मिथुन तिला रोज चिडवी.

"आमच्याकडं पोरी असंच बोलत्यात," माधुरी म्हणे. "तुमचं तुम्ही सांभाळा की."

एका दुपारी डबा बंद करता करता प्रांजलच्या तोंडून निघून गेलं, "मी पण जेवलो."

सगळे खो खो हसले. माधुरीची नक्कल म्हणून. प्रांजलनेही हसून घेतलं, पण मान खाली घालून, कारण डोळे भरून आले होते. एवढासा शब्द, पण इतकी वर्षं चावून चावून गिळलेला. त्यानंतर रोजचं झालं. "थांब, मी आणतो." "मी बसतो इथे." "चला, निघतो मी." कारखान्याला तो विनोद वाटे, आणि प्रांजल त्या विनोदाच्या आडोशाला बसून दिवसभर मोकळा श्वास घेई.

माधुरीला मात्र कळलं असावं. एकदा दोघंच असताना ती म्हणाली, "तू माझी नक्कल करत नाहीस, होय ना?"

"नाही."

"मग बोल की. कुणाच्या बाचं काय जातंय."

पुढचं काही तिने विचारलं नाही, प्रांजलने सांगितलं नाही. दिवाळीनंतर माधुरीचं लग्न झालं आणि ती इचलकरंजीला गेली. तिच्याबरोबर आडोसाही गेला. "मी निघतो" म्हटल्यावर मिथुनने भुवया उंचावून विचारलं, "अगं, आता कुणाची नक्कल करतेस?" त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण प्रांजलने त्या दिवसापासून कारखान्यातही शेपूट सांभाळायला घेतलं.

आपण आहोत तरी कोण, हे प्रांजलला नीट सांगता आलं नसतं. 'ती' म्हटलं की तोंडात खडा आल्यासारखं होई. 'तो' म्हटलं की बरं वाटे, पण पाहुण्याच्या घरी पाय पसरून बसल्यासारखं. कुणी उठवेल की काय, अशी धास्ती. हे कुणाला तरी सांगावं, आणि सांगताना समोरच्याचा चेहरा बदलू नये, एवढीच इच्छा. ती इतकी वाढली की रिक्षात शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगून टाकावंसं वाटे.

मोबाइलवर शोधता शोधता घाटकोपरचा एक गट सापडला. दर महिन्याला एका रविवारी दुपारी, बंद पडलेल्या कोचिंग क्लासच्या खोलीत, अशाच अडचणीतली माणसं जमत. पहिल्या खेपेला प्रांजलने मेट्रो पकडली, डी. एन. नगरला बदलली, घाटकोपरला इमारतीपर्यंत जाऊन खाली उसाचा रस घेतला, वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि परतीची वाट धरली. वरून हसण्याचा आवाज येत होता. तो महिनाभर कानात राहिला.

दुसऱ्या खेपेला जिन्यातच एक बाई भेटल्या. दोन्ही हातांत मोठा डबा, खांद्यावरून पर्स घसरतेय.

"वर येतोयस ना? मग हे धर," त्या म्हणाल्या. "साबुदाण्याची खिचडी आहे, वाकडा धरू नकोस."

येतोयस! त्या बाईंनी प्रांजलचे आखूड कापलेले केस पाहून अंदाजाने म्हटलं असेल. पण डबा हातात आल्यावर परत फिरायची सोयच राहिली नाही.

त्यांचं नाव शर्मिष्ठा. आईबापांनी दुसरं ठेवलं होतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, पण ते नाव काही सांगितलं नाही. दार निहारदादांनी उघडलं. जन्माने मुलगी, आता पन्नाशीतला, चष्मेवाला, पोट सुटलेला गृहस्थ, पतपेढीत हिशेबनीस. वर्गातल्या जुन्या बाकांवर दहाबारा माणसं. बोलणं काय, तर पाणीकपातीचं, भाडं वाढवणाऱ्या घरमालकाचं, एकाच्या बहिणीच्या बाळंतपणाचं. प्रांजलला वाटलं होतं, इथे फक्त दुःखं सांगायची असतील.

"तुला काय म्हणायचं रे आम्ही?" निहारदादांनी सहज विचारलं. "गेला, गेली, का गेलं?"

"माहीत नाही अजून," प्रांजलने म्हटलं. आणि मग, का कुणास ठाऊक, "लहानपणी घरी 'ता' म्हणायचे."

"अरे वा! म्हणजे मालवणी लोकांचं आधीच ठरलेलं आहे," शर्मिष्ठाताई म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली. या हसण्यात प्रांजलही वरच्या मजल्यावर, खिडकीच्या आतल्या बाजूला.

"सावकाश कळू दे," निहारदादा म्हणाले. "इथे परीक्षा नाही. क्लास बंद पडलाय."

घरी परतताना मेट्रोच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसला. प्रांजलने तो बराच वेळ पाहिला.

पण पुढच्या महिन्यात निरोप आला: इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, खोली गेली. या रविवारी भेट नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. गटावर सकाळी फुलांचे फोटो येत, मग तेही कमी झाले. प्रांजलचे रविवार लांबलचक झाले. इस्त्री करावी, गच्चीवर जावं, परत यावं. त्या खोलीत आपण पुरते चार तासही काढले नाहीत, तरी तिची अशी ओढ का लागावी? बाकावर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्रसुद्धा आठवे.

मग निहारदादांनी विचारलं, कुणाच्या माहितीत एखादी जागा आहे का?

जागा माहितीत होती. घराच्या दाराआडच तिची चावी टांगलेली. वडील, काशीराम, गिरणीतले जुने कामगार. आता त्यांच्या गावच्या मंडळाची खोली सांभाळत. दोन गल्ल्या पलीकडे. शनिवारी भजन होई, रविवारी दुपारी खोली रिकामी. बाबा जेवून आडवे झाले की चावी नेऊन परत आणली तरी कुणाला पत्ता लागला नसता. एका रविवारी प्रांजलने चावी काढलीही. मुठीत धरून दाराशी उभं राहावं लागलं थोडा वेळ. मग परत अडकवली, बाबांच्या उशाशी बैठक मारली आणि त्यांना हलवलं.

"बाबा, मंडळाची खोली हवी होती. महिन्यातून एक रविवार, दुपारची."

"कित्याक?"

"काही माणसं भेटतात. त्यांना जागा नाही."

"कसली माणसां?"

"माझ्यासारखी."

काशीराम उठून बसले. "तुझ्यासारखी म्हंजे कशी?"

स्वयंपाकघरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. प्रांजलला तो थांबलेला ऐकू आला.

"आपण बाई की पुरुष, हे ज्यांना लोक सांगतात तसं वाटत नाही, अशी. कुणाला स्वतःचं कळलंय, कुणाला अजून कळायचंय. मला कळायचंय. पण मुलगी म्हणून बोलायचं झालं की माझी जीभ अडते, बाबा. किती वर्षं झाली. म्हणून मी तुटक बोलतो."

'बोलतो' बाबांनी ऐकलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. प्रांजलला वाटलं, आता उठतील, चप्पल घालून बाहेर जातील.

"संप फिसकटलो तेवा," ते शेवटी म्हणाले, "आमी त्याच मंडळाच्या खोलीत जावन बसायचव. तेवा खोली लालबागेक होती. घराकडे बसवत नसे. बायको काय बोलत नसे, पण तिच्या तोंडाकडे बघवत नसे. थंय कोण कोणाक इचारी नाय, आता काय करतंस म्हणान. नुसते पत्ते खेळायचव." ते थांबले. "माणसाक खोली लागता. ता माका कळता."

प्रांजलची नजर दाराआडच्या चावीकडे गेली.

"पण ही खोली माझी न्हय. मंडळाची आसा. देवची तर कमिटीक इचारूक व्हया. इचारूचा तर सांगूक व्हया, कोणासाठी ता. ता माज्याच्यान होवचा नाय." त्यांनी प्रांजलकडे पाहिलं. "आज नाय होवचा."

"चावी हातात घेतली होती मी," प्रांजलने सांगून टाकलं. "परत ठेवली."

"बरा केलंस."

सुगंधाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हात साबणाचे तसेच. "आणि लग्नाचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नको, आई."

त्या आत गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. त्या दिवसापासून त्यांनी प्रांजलशी बोलणं टाकलं. चहा पुढे येई, डबा भरलेला असे, पण शब्द नाही. जाताना "निघालीस का गं?" नाही. ज्या प्रश्नाला वर्षानुवर्षं हुलकावणी दिली, तोच एकदा कानावर पडावा म्हणून प्रांजल चपला घालताना उगाच वेळ काढी.

चारपाच दिवसांनी काशीरामांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हटलं, "जोगेश्वरीच्या गुंफा बघलंस कधी? मी लग्नाआधी थंय जवळ ऱ्हवायचंय. दुपारी आत थंड असता. कोण काय इचारणा नाय."

प्रांजलने त्याच संध्याकाळी गटावर लिहिलं. उत्तर यायला दोन दिवस लागले, पण आलं.

रविवारी जोगेश्वरीला पूर्वीइतकी माणसं नव्हती. निहारदादा होते, शर्मिष्ठाताई डबा घेऊन आल्या, चेतना नावाची कॉलेजातली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती आणि पर्स छातीशी धरून बसली होती. लेण्यातल्या खांबांच्या ओळीत, कडेच्या दगडी ओट्यावर बैठक जमली. पलीकडे देवीला आलेल्या बायका घंटा वाजवत, वस्तीतली पोरं उतारावरून धावत येत आणि यांच्याकडे एकवार पाहून पुढे जात. मोठ्याने बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळे डोकी जवळ आणून बोलत. प्रांजलने माधुरीची गोष्ट सांगितली, गडहिंग्लजच्या 'आलो गं मी'ची. चेतना पहिल्यांदा हसली. "माझी मावशी कागलची. तीपण असंच बोलते," ती म्हणाली, आणि पर्स बाजूला ठेवली.

रखवालदाराने शिट्टी मारली. बंद व्हायची वेळ झाली. तरी पायऱ्यांवर सगळे रेंगाळले.

"पुढच्या महिन्यात इथेच?" चेतनाने विचारलं.

"बघू," निहारदादा म्हणाले. "इथे गळतं खूप पावसात. तोवर मिळेल काहीतरी."

कुणी मिठी मारली, कुणी हात हलवला, एकेक जण गल्लीत दिसेनासा झाला. प्रांजलने शेवटच्या माणसाची पाठ वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. पुढचा महिना किती लांब असतो!

घरी काशीराम दारातच खुर्ची टाकून बसलेले. "जमली माणसां?"

"जमली. थोडीच."

"होय." त्यांनी पाय आखडून वाट दिली.

प्रांजलने हातपाय धुतले, पाटावर बैठक मारली. सुगंधाबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली. ताटात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं; रविवारचं, बाजूला राखून ठेवलेलं. निम्मं जेवण झाल्यावर आवाज आला. भिंतीशी बोलल्यासारखा.

"दगडार बसान कंबर धरात. माळ्यार जुनी चटई आसा."

प्रांजलचा घास हातातच राहिला. आई आणखी काही बोलेल म्हणून प्रांजलने कान तिकडेच लावले. सुगंधाबाईंनी ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं, मग पुन्हा तोच ओटा पुसायला घेतला.