वलीभाईंचा हत्ता

अकोल्याच्या कापूस बाजारात वलीभाईंनी उभी हयात दलाली केली, ती तोंडाने नाही, बोटांनी. हातावर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा. याला हत्ता म्हणत. पुढे उघड लिलाव आले, हत्ता गेला, वलीभाई घरी बसले. यंदा अर्धांगाचा झटका आला तेव्हा जीभही बसली. मान हलवणंसुद्धा नाही. डावा हात तेवढा चाले. बोट दिलं की धरत. पण ते तान्हं मूलही धरतं. "समजत असेल, नसेलही," डॉक्टर म्हणाले. खातूनबींना एवढंच कळायला हवं होतं, की नवऱ्याला आपण अजून कळतो का.

त्या दिवशी बार्शीटाकळीहून पंजाबराव आले. वलीभाईंमार्फत कापूस विकून आणि त्यांनाच शिव्या देऊन म्हातारे झालेले शेतकरी. नात इफ्फत खाटेजवळ परीक्षेचं मोठ्याने वाचत होती, आजोबांच्या कानावर काहीतरी पडावं म्हणून.

"काका, आखाताकडचे मोतीवालेही कापडाखालीच सौदा करायचे. ब्रह्मदेशात माणकंसुद्धा. एकमेकांची भाषा येत नसे, तरी माल आशियाभर फिरला."

"म्हणजे लुच्चे साऱ्या आशियात होते," पंजाबराव म्हणाले. "मले वाटे, हा वल्या एकटाच."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून वलीभाईंच्या डाव्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला.

"बोल बे. माल पांढराशुभ्र हाये. काय देतं?"

दुपट्टा हलला. पंजाबरावांच्या भुवया वर गेल्या.

"एवढ्यात? अबे, याच्यात कापूस वेचाईची मजुरी तरी निघते का? पाहा भाभी, खाटेवर पडून बी लुटून राहिला!"

ओरडता ओरडता त्यांचे डोळे भरले.

खातूनबी हसल्या नाहीत. "भाऊ, मले शिकवा."

"बाईमाणसाले काहून..."

"शिकवता का नाही?"

पंजाबरावांनी एक बोट, दोन बोटं, होकाराला अख्खा पंजा, असं शिकवलं. मग खातूनबी खाटेवर टेकल्या, हात आत सारला.

"सूप आणते. किती चमचे?" त्यांनी चार बोटं दाबली.

आतून एक आलं.

"तीन."

पुन्हा एक.

"या अल्ला, बायकोसंगं बी घासाघीस? बरं, दोन."

वलीभाईंनी त्यांचा अख्खा पंजा धरला.

"इफ्फत, सूप तापव," खातूनबी म्हणाल्या. आवाज जरा फाटलाच. "दोन चमचे ठरले. चिंगूस मानूस!"

सूप आलं तरी दुपट्ट्याखालचा हात काही त्या काढेनात. मग पाजायचं काम पंजाबरावांवर आलं.