दवाखान्याच्या दारापर्यंत

उत्कर्षाचं पत्र होळीच्या सुमारास आलं होतं. आता गणपती तोंडावर आले, तरी श्रीनिवासरावांच्या हातून उत्तर काही होत नव्हतं. उभी हयात ग्रंथालयात गेलेली, पण चार ओळी लिहायच्या आणि फाडायच्या, एवढंच चाललं होतं.

'काकू आता कशा आहेत?' तिनं विचारलं होतं. पोरगी वाशीमकडची. अँब्युलन्सवरचं काम शिकायला पुण्यात आलेली. श्रीनिवासरावांच्या पत्नीला, वासंतीबाईंना, धाप लागली, तेव्हा कर्वेनगरच्या घरी तीच आली होती. पुढे लिहिलं होतं, 'सर म्हणतात, दवाखान्याच्या दारात पेशंट सोपवला की विषय संपला. मला विसरता येत नाही. मग मी या कामाची नाही का? गावी परत जावं का, कळत नाही.'

वासंतीबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. खरं लिहावं, तर पोरगी बॅग भरणार. खोटं लिहायला हात धजत नव्हता.

"बाबा, अजून तेच?" हिंजवडीच्या कंपनीत निघालेला आमोद म्हणाला. "कादंबरी लिहिताय का? ई-मेल टाका आणि मोकळे व्हा."

"तिनं पत्र पाठवलंय रे."

"मग पोस्टाला तरी काम द्या!"

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक होतं. उत्कर्षाच्याच संस्थेची मुलं येणार होती. ती त्यांत असेल की गावी गेली असेल? श्रीनिवासरावांना घरात बसवेना. ते जाऊन मागच्या खांबाआड उभे राहिले.

ती होती. समोर रबरी पुतळा. बाकीच्यांनी झटपट ऑक्सिजनचा मास्क चढवला. ती मात्र आधी वाकली.

"काकू, मी उत्कर्षा. मास्क लावते हं."

"बाहुलीला कसलं नाव सांगतेस?" शिकवणारे रंगराव खेकसले. "बघायला आलेत का तुला? परत कर!"

हॉल हसला. दुसऱ्या खेपेला तिनं मुकाट्यानं मास्क लावला.

"शाब्बास," रंगराव म्हणाले.

काहीतरी बोलावं म्हणून श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं. पण चारचौघांत बोलायची सवय होती कुठे? ते तडक घरी आले आणि पायातल्या चपलांनिशी टेबलाशी बसले.

'चि. उत्कर्षा, तुझी काकू तिसऱ्या दिवशी गेली. तुझ्याकडून काही चुकलं नाही, असं डॉक्टरच म्हणाले. आदल्या दिवशी मास्क बाजूला करून तिनं मला विचारलं, "ती उत्कर्षा जेवली का हो? तिनं नाव तरी सांगितलं. इथे नुसते हातच येतात." आज मी खांबाआड होतो. दुसऱ्या खेपेला तू गप्प राहिलीस. तसं करू नकोस. घाई असली, तर मास्क लावता लावता नाव सांग.'

खाडाखोड बरीच झाली होती. पुन्हा लिहून काढायला बसलो तर हेही फाडू, हे त्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. लगेच वाटलं, शेवटची ओळ जरा आगाऊपणाची झाली. त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली.

पाकीट तळाशी गेलं होतं.