गुरुजींच्या खोलीतून गेलेला रस्ता

वेदमूर्ती चिंतामणभट उपळेकर चातुर्मासात वारले आणि तेराव्यानंतर कुरुंदवाडच्या पाठशाळेतील संगणकाच्या एका फोल्डरमध्ये राहायला आले. त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. फोल्डर उघडला की शेणाने सारवलेली एक लहानशी खोली दिसे. तीत गुरुजी पाटावर बसलेले असत, खांद्यावर उपरणे, भाळी भस्म. पडद्यासमोर आसन घालून यज्ञेश्वरशास्त्री बसत आणि संथा सुरू होई. गुरुजी एकदा म्हणत, शास्त्री दोनदा म्हणत. गुरुमुखातून जे येईल ते, जसे येईल तसे, दोनदा. ही त्या परंपरेची रीत होती आणि शास्त्रींनी ती कधी मोडली नव्हती.

त्या शाखेची संहिता जाणणारे आता हे दोघेच उरले होते, आणि त्यांतले एक दिवंगत. शेवटचा अध्याय तेवढा शास्त्रींच्या कंठात यायचा राहिला होता. तो आला नाही तर शाखा तेथेच तुटणार होती.

संगणकाची देखभाल शास्त्रींचा मेहुणा सदानंद करी. वीजमंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ बहिणीकडे, म्हणजे उमाबाईंकडे, जेवायला येई आणि जेवणाच्या मोबदल्यात काहीतरी नवे बसवून जाई.

"भावोजी, दोन-दोन खिडक्या हव्यात कशाला?" तो म्हणाला. "एक घरच्या सामानाची, फोल्डरची; एक जगाची, इंटरनेटची. हा नवा प्रोग्राम बघा. सामानही यातच, जगही यातच. एकच खिडकी!"

"ठेवण्याची जागा निराळी, हिंडण्याची निराळी," शास्त्री म्हणाले. "कोठीघरातून कोणी रस्ता काढीत नाही, सदानंद."

"म्हणजे आता संगणकालाही सोवळं?"

"त्याला सोवळं काय सांगता?" आतून उमाबाई म्हणाल्या. "चपला घालून स्वयंपाकघरात येतो तो."

"ताई, तू भात वाढ. आणि भावोजी, जुना प्रोग्राम या महिन्यात बंदच पडणार आहे. मग गुरुजींना ठेवाल कुठं?"

शास्त्रींनी नाइलाजाने होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडला तेव्हा खोलीच्या डाव्या-उजव्या भिंती नव्हत्या. गुरुजींचा पाट पलीकडे, शास्त्रींचे आसन अलीकडे, आणि मधून एक डांबरी रस्ता डावीकडून उजवीकडे गेला होता. गुरुजींनी ओंकार केला. पहिली ऋचा अर्धी झाली असेल, तोच पाठीवर फ्रिज घेतलेला एक मनुष्य डावीकडून आला.

"काका, फ्रिज बघता का? जुना परत घेतो."

"नको," शास्त्री म्हणाले.

"बघायला काय जातंय?" असे म्हणून तो उजवीकडे निघून गेला.

गुरुजींनी ओठ मिटले. गुरू आणि शिष्य यांच्यामधून कोणी गेले, मग ते मांजर का असेना, तर त्या दिवसाचा पाठ थांबतो. जिवंतपणी गुरुजींनी हा नियम कसोशीने पाळला होता. मृत्यूनंतर तो शिथिल करण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी जाऊ लागले. गाद्या विकणारी बाई गेली. हवामान सांगणारा गृहस्थ भिजत गेला. एक वरात गेली, तिच्यातल्या लोकांना आपण कोठे चाललो आहोत हे ठाऊक नव्हते. गुरुजी तोंड उघडीत आणि मिटीत.

शास्त्रींनी सदानंदाला बोलावले.

"अहो, ही माणसं नाहीत, भावोजी. जाहिराती आहेत."

"चालतात ना?"

"चालतात."

"मधून जातात ना?"

सदानंदाने मान डोलावली.

"जगाची बाजू तेवढी बंद कर."

"बाजू नाहीच ना आता. खिडकी एकच आहे. ती मिटली तर गुरुजीही मिटतील." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि एक सांगू? काल बाजारात गेलो होतो. वांगी विकणारा तुमची ती ऋचा म्हणत होता. गिऱ्हाईक बोलवायला. स्वर सगळे खाली पडलेले."

रस्त्यावरून जाणारे नुसते जात नव्हते. जाताना काही घेऊन जात होते.

तेव्हा शास्त्रींनी निश्चय केला. दोघांमध्ये अंतर होते म्हणून लोक मधून जात. अंतरच उरले नाही तर कोण जाईल? त्यांनी आसन वीतभर पुढे सरकवले. त्या दिवशी लोक अंग चोरून गेले. आसन आणखी पुढे गेले, तसे लोक आडवे होऊन जाऊ लागले. मग कागदासारखे पातळ होऊन, फ्रिजसकट. कोणीही तक्रार केली नाही. आपली पाळी येईपर्यंत सर्वजण रस्त्यावर शांतपणे उभे राहत.

पडद्याची कड शास्त्रींच्या गुडघ्यांना लागली, मग छातीला, मग ती मागे राहिली. पायांखाली डांबर ऊन होते.

"अहो, पानं वाढलीत!" उमाबाईंचा आवाज आला.

शास्त्रींनी वळून पाहिले. पाठशाळेचे दालन तळहाताएवढे झाले होते. त्यात सुपारीएवढ्या उमाबाई हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही बसा," ते म्हणाले. "एवढा अध्याय घेऊन येतो."

त्यांनी आसन शेवटचे सरकवले. गुडघ्याला गुडघा लागला, कपाळाला कपाळ. मध्ये आता वारासुद्धा शिरत नव्हता. दोन्ही बाजूंना थबकलेली गर्दी एकमेकांकडे पाहू लागली.

"यज्ञेश्वरा," गुरुजी म्हणाले, "आता कोणी नाही ना मधे?"

"कोणी नाही, गुरुजी."

गुरुजींनी ओंकार केला आणि शेवटच्या अध्यायासाठी मुख उघडले. इतक्या जवळून शास्त्रींना ते प्रथमच दिसत होते. जिभेच्या मागे, पडजिभेच्या खालून, डांबरी रस्ता आत लांबवर गेला होता. त्यावर माणसे ओळीने उभी होती. फ्रिजवाला सर्वांत पुढे होता. त्याने वाकून, दातांना धक्का न लावता, बाहेर पाहिले.

"जरा बाजूला व्हा," गुरुजींच्या मुखातून शब्द आले.

शास्त्रींनी डोळे मिटले आणि ते शब्द, आले तसे, अचूक स्वरात एकदा म्हटले. दुसऱ्यांदा म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, तेव्हा कोणीतरी त्यांच्या जिभेवर पाऊल ठेवले.