एकट्याचं वजन

"हे सगळं हिच्या पाठीसाठी चाललंय," असं बाईंचा नवरा गेले दोन महिने भेटेल त्याला सांगत होता. शेजाऱ्यांना सांगून झालं, जुन्या गाड्यांच्या मंडळात झाडून सगळ्यांना सांगून झालं, दाढी करता करता न्हाव्यालाही सांगून झालं. खुद्द बाईंना मात्र त्याने ते एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांच्या कानावर ते मुलीच्या फोनवरून आलं.

"आई, बाबा चक्क सुधारले गं! तुझ्यासाठी गाडीचं सस्पेन्शन बदलतायत म्हणे."

"हो का," बाई म्हणाल्या आणि गॅस बारीक करायला उठल्या.

बाईंनी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना 'बाई' सोडून दुसरं नाव नव्हतं. नवरा जमीनमोजणी खात्यातला. त्याची ती लाल, दोनच माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार त्यांच्या लग्नापेक्षाही जुनी होती. कोंबड्यांच्या एका बंद पडलेल्या शेडमध्ये ती त्याला सापडली होती आणि स्क्रू न् स्क्रू सुटा करून त्याने ती उभी केली होती. गाडी इतकी बसकी, की आधी जमिनीवर बसल्यासारखं बसायचं आणि मग पाय एकेक करून आत घ्यायचे. मागे ट्रकला असतात तसे लोखंडी पाटे, पुढे दगडासारखे कडक स्प्रिंग. रस्त्यावर कोणी काडेपेटी टाकली असेल तर तिच्यात काड्या किती आहेत तेही बसणाऱ्याला कळावं.

त्या गाडीत बाई एकोणीस वर्षं बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत. मंडळाच्या शर्यती असत, वेगाच्या नव्हे, वेळेच्या. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोचायचं. मांडीवर नकाशा, एका हातात स्टॉपवॉच, आणि तोंडाने आकडेमोड. "पुढच्या वळणापर्यंत बेचाळीसने चला. आता अडतीस." नवरा नुसता सांगितलेलं ऐके आणि कपाटातले चषक वाढत जात. चषकांवर नाव एकट्याचंच कोरलेलं असे, कारण जागा तेवढीच होती असं तो म्हणे.

अशाच एका शर्यतीत पुलाच्या तोंडाशी एक खड्डा आला आणि बाईंच्या कमरेतला मणका सरकला. तरीही त्यांनी शेवटचा आकडा सांगितला आणि मगच ओरडल्या. त्यानंतर पट्टा आला, शेकणं आलं, वर्गात खुर्चीच्या पाठीला धरून शिकवणं आलं. पुढच्या आठ वर्षांत त्यांनी नवऱ्याला तीनदा सांगून पाहिलं की गाडी जरा मऊ करून घ्या. तिसऱ्या वेळी तर एका मासिकातलं कात्रणच पुढे ठेवलं, धक्के जिरवणारे नवे शॉक कसे बसवतात त्याचं.

"मऊ करू? मग पाळणाच आणू की," तो म्हणाला होता. "ही गाडी कारखान्यातून आली तशीच राहणार. पाट्यांना हात लावला तर गाडीचा जीव गेला म्हणून समज."

"आणि माझा?"

"तू उशी घे ना खाली."

त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, यापुढे मी या गाडीत बसणार नाही. म्हणाल्या आणि वाट पाहत राहिल्या. पहिला महिनाभर रोज, मग अधूनमधून, मग कधी तरी. अकरा वर्षं झाली. त्याने पुन्हा विचारलंच नाही.

यंदा उन्हाळ्याच्या आधी नवरा मोजे घालायला वाकला आणि तसाच राहिला. त्याचाही मणका, थोड्याफार फरकाने तोच. तीन आठवडे अंथरुणात. बाईंनी त्याचे मोजे घातले, चमच्याने भरवलं, कण्हणं ऐकलं. "कुणाला कल्पना येणार नाही काय दुखतं ते," असं तो त्यांनाच सांगे. उठून चालू लागल्यावर पंधराव्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली.

आता यातलं काय खरं मानायचं? नववीचे पेपर तपासताना रीत चुकलेली आणि उत्तर मात्र बरोबर आलेलं असलं, की बाई अर्धे गुण देत असत. रात्र न् रात्र त्यांनी यावर विचार केला नाही, पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना विचार तिथेच जाई. स्वतःला दुखल्यावर का होईना, त्याला आपली आठवण झाली असेल. लाजेपोटी तोंडाने सांगता येत नसेल म्हणून जगाला सांगत सुटला असेल. तसं असेल तर अर्धे गुण द्यायला हवेत. म्हणून शनिवारी सकाळी तो म्हणाला, "गाडी तयार आहे, येतेस का बघायला?" तेव्हा त्यांनी साडी बदलून पंजाबी ड्रेस घातला. साडीत त्या गाडीत बसता येत नाही.

गॅरेजमध्ये मंडळातला 'बॅटरी' आधीच येऊन बसला होता. जाड भिंगाचा चष्मा आणि न संपणारी बडबड, यांमुळे हे नाव त्याला दोन्हीकडून लागू पडे.

"या वहिनी! आज तुमचा मान. राणीच्या पालखीला सुद्धा असले शॉक नसतील. नवरा असावा तर असा!"

"पालखीला भोई असतात," बाई म्हणाल्या. "शॉक त्यांना बसतात."

बॅटरी खो खो हसला. नवराही हसला, जरा उशिरा.

गाडी सपाट फरशीवर उभी होती आणि तिच्या चारही चाकांखाली एकेक चपटा वजनकाटा होता. काढलेले गंजके पाटे भिंतीशी रचून ठेवले होते. मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने बाईंना चाकामागे वाकून दाखवलं. पिवळ्या रंगाचे नवे स्प्रिंग, आत शॉक, आणि स्प्रिंगच्या बुडाशी आट्यांची चकती. चकती फिरवली की त्या कोपऱ्यावर गाडी उचलली जाते किंवा बसते.

"चारही चाकांवर भार नीट वाटला गेला पाहिजे काकू. एवढीशी गाडी, माणूस बसला की लगेच कलते. म्हणून माणसाच्या वजनाची वाळू सीटवर ठेवून लावायचं असतं."

चालवणाऱ्याच्या सीटवर वाळूच्या पिशव्या होत्या. शेजारची सीट रिकामी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग काचेवर चिकटवलेल्या कामाच्या कागदाकडे. त्यावर मिस्त्रीच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : चालक ७८. शेजारी ०.

"हे शून्य कसलं?" बाईंनी विचारलं.

"काकांना फोनवर विचारलं ना मी. शेजारी कोण बसतं? ते म्हणाले कोणी नाही. मग स्प्रिंग एकट्याच्या वजनाचे मागवले, लावलंही तसंच."

बॅटरीला अचानक भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत रस वाटू लागला.

"अगं, तूच म्हणाली होतीस ना," नवरा म्हणाला, "की पुन्हा बसणार नाही म्हणून. मी आपलं तुझंच ऐकलं."

बाईंना त्याच्या तोंडाकडे बघवेना. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्याने खरोखरच ऐकलं होतं. एकोणीस वर्षं आकडे ऐकावेत तसंच, सांगितलं तेवढं.

"अहो, पण सगळ्यांना सांगत होतात की हिच्या पाठीसाठी."

"हो मग! बसलीस कधी तर बरंच आहे की तुलाही."

मिस्त्रीने हातातलं फडकं या हातातून त्या हातात केलं. "काकू, बसा ना तुम्ही. काका, तुम्हीपण. दोघांच्या वजनावर लावून देतो, अर्ध्या तासाचं काम."

वाळू उतरवली. बाई आधी जमिनीवर बसल्यासारख्या बसल्या आणि मग त्यांनी पाय आत घेतले. नवरा कण्हत पलीकडे बसला. काट्यांचे आकडे बदलले. मिस्त्री वाकून वाचत होता, पुटपुटत होता, आणि चकतीला पाना लावण्याआधी तो उभा राहिला.

"एक सांगतो. दोघांवर लावलं, तर काका एकटे असताना गाडी किंचित त्यांच्याकडे कलेल. एकट्यावर ठेवलं, तर दोघं असताना काकूंकडे. कसं ठेवू?"

हा प्रश्न त्याने नवऱ्याला विचारला होता. बाई समोर काचेतून बघत राहिल्या. शाळेत तोंडी परीक्षेला मुलाला उत्तर येत असतं आणि तो बोलत नसतो, तेव्हा त्यांचा जीव असाच टांगणीला लागे. बोल, त्या मनात म्हणत. येतंय तुला.

"मधलं काही होत नाही का?" नवऱ्याने विचारलं.

"मधलं म्हणजे दोन्हीकडे चूक."

नवऱ्याने स्टीअरिंगवर बोटं वाजवली. "नाही, म्हणजे कसंय... शर्यतीला मी एकटाच. रविवारी मंडळाची फेरी, तीही एकट्यानेच. दोघं मिळून किती वेळा जाणार? वर्षातून दोनदा? त्यासाठी रोजची गाडी वाकडी..." त्याने बाईंकडे पाहिलं. "तूच सांग. गणित तुझं."

"एकट्याचं ठेवा," बाई मिस्त्रीला म्हणाल्या.

"बघा!" नवऱ्याचा चेहरा उजळला. तो बॅटरीकडे वळला. "हिला गाडीतलं कळतं म्हणतो ते उगाच नाही. दुसरी असती तर रुसून बसली असती."

न बोलण्याची सवय नसल्यामुळे बॅटरी नुसता खोकला.

काटे काढले आणि नवऱ्याने गाडी सुरू केली. बाई उतरल्या नव्हत्या. एवढ्या लोकांसमोर उतरून तमाशा करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, त्यांना एकदा बघायचं होतं. "मागोमाग येतो," बॅटरी म्हणाला आणि आपल्या गाडीकडे गेला.

गॅरेजच्या दारातला उंबरा आला आणि गेला. फाटकासमोरची उखणलेली खडी गेली. बाईंनी सवयीने दोन्ही हात सीटवर दाबून कंबर उचलून धरली होती. रेल्वेचे रूळ ओलांडले आणि त्यांनी हात सोडले. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. एवढंसं काम होतं तर. दोन महिन्यांचं. आठ वर्षं पट्टा बांधून त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि काम दोन महिन्यांचं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि तोही बसून बसून शिळा झालेला, चव गेलेला.

"कशी वाटते?" नवऱ्याने विचारलं.

"छान आहे."

"छान आहे गं, पण..." त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला. "तुझ्या बाजूला ओढतेय जरा."

पुढच्या वळणावर तो पुन्हा म्हणाला, "मिस्त्री म्हणाला तसंच आहे. कलतेय तुझ्याकडे. मागच्यापेक्षा तुझं वजन वाढलंय का?"

"मागच्यापेक्षा?"

"नाही, सहज विचारतो. नाही तर चकती फिरवावी लागेल." तो मान तिरपी करून गाडीचं ऐकत होता, एखाद्या लहान मुलाच्या छातीला कान लावावा तसा. "बघ, बघ, आत्ता. जाणवलं ना?"

"इथे थांबवा," बाई म्हणाल्या.

"इथे? काय आहे इथे?"

"औषधाचं दुकान आहे."

त्याने गाडी कडेला घेतली. बाईंनी दार उघडलं, पाय एकेक करून बाहेर काढले आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्या बाजूने बोटभर वर आली. नवऱ्याने ते पाहिलं. सगळं सरळ झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर इतकं उघड होतं, की बाईंना वाटलं हा आता लाजेल. तो लाजला नाही.

"तुझं होईपर्यंत मी पुलापर्यंत एक फेरी मारून येतो," तो म्हणाला. "एकट्याने कशी धावते ते तरी बघतो."

"बघा."

गाडी गेली. पुढच्या गतिरोधकावरून ती अलगद उतरली आणि जराही न डुलता दिसेनाशी झाली. बाई दुकानात गेल्या नाहीत. त्या पदपथावरून उलट्या दिशेने चालू लागल्या, तेवढ्यात गॅरेजकडून येणाऱ्या बॅटरीने गाडी त्यांच्याजवळ थांबवून काच खाली केली.

"काय हो वहिनी? पहिल्याच दिवशी बंद पडली?"

"नाही हो. उत्तम चाललीय."

"मग तुम्ही अशा मध्येच?"

बाईंनी उत्तर जुळवून पाहिलं. सोपं, वर्गात सांगता येईल असं एखादं. मग त्यांनी तो नाद सोडला.

"मुलीकडे निघालेय," त्या म्हणाल्या. "स्टँडवर सोडता का? आणि ते विचारतील तेव्हा सांगा, औषध मिळालं नाही."