वखताला भाकर

मी सुलेखाच्या पिशवीतला रेकॉर्डर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आजवर फक्त ऐकतच आलोय. शहरातल्या उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या सुलेखानं मला संशोधनासाठी घेतलं. गावाकडची बोली कशी बदलत गेली, हे तिला जुन्या कागदपत्रांशी ताडून संगणकावर पाहायचं होतं.

पहिल्याच दिवशी आम्ही फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवर गेलो. ऐंशी ओलांडलेल्या मनकर्णाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"ह्या डबीत काय बोलू पोरी? मला शुद्ध बोलता येत नाय."

"तसंच बोला, आजी. मला तेच पाहिजे."

त्या दोन तास बोलल्या. शेंगांची टरफलं माझ्यावर उडत होती. "माय लई बेजार व्हायची, पर वखताला भाकर द्यायची," हे सांगताना त्यांचा आवाज कापला. तेही मी टिपलं.

पुढं संगणकानं तो आवाज ऐकून मजकूर तयार केला : "आई खूप त्रस्त व्हायची, पण वेळेवर भाकरी द्यायची." गावोगावी मिळून चाळीस माणसांचे आवाज मी टिपले होते, त्या सगळ्यांचं असंच झालं. बोली जवळजवळ संपली, असं आलेखात दिसू लागलं. मार्गदर्शक सर खूश झाले. "निष्कर्ष ठळक आलाय. महिनाअखेर प्रबंध दे."

एक वाक्य तपासायला सुलेखानं मला कानाशी धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, बोली संपली नाही. मजकूर करताना आपल्या संगणकानं पुसलीय."

"आता सगळं पुन्हा ऐकत बसलीस तर वर्ष जाईल."

काही शब्द विचारायला ती पुन्हा वस्तीवर गेली. मनकर्णाबाई खाटेवर होत्या. अर्धांगवायूनं वाचा गेली होती. त्यांचा मुलगा बद्रीनाथ म्हणाला, "ताई, मायचा आवाज हाय ना यात? ऐकवता का?"

तिनं बटण दाबलं. बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मनकर्णाबाईंचा चांगला हात हळूहळू सरकत आला आणि माझ्यावर थांबला. बराच वेळ त्यांनी तो उचललाच नाही.

आता सुलेखा एकेक शब्द हातानं उतरवते. मुदत टळली. तिनं वाढ मागितलीय, उत्तर नाही. अकरा माणसं झाली, एकोणतीस उरलीत. तिचे कान दुखतात. माझं बटण सैल झालंय, एकेक वाक्य दहादा ऐकवावं लागतं.

एकटीच्यानं हे होणार नाही. तुमच्यापैकी कुणी येऊन बसेल तिच्या शेजारी? अट एकच. जे ऐकाल, तेच लिहा.