उशीचा अभ्रा

थंडीतल्या तापाने घरातल्या थोरल्या सुनेचं, थोरलीचं, नाक नेलं. ताप उतरला, खोकला रेंगाळत रेंगाळत गेला, तोंडाला थोडीफार चव आली. वास मात्र परतला नाही. एका सकाळी दूध उतू जाऊन करपलं, धूर डोळ्यांत गेला, तेव्हा तिला ते कळलं. तिने पातेलं घासून टाकलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर जेवणाची मजा गेली म्हणून चार दिवस हळहळ झाली असती आणि विषय संपला असता. इथे घराचं पोट तिच्या नाकावर चालत होतं.

घरात केसांना लावायचं मलम बनायचं, मेंढीच्या चरबीचं. काम सासूबाईंनी सुरू केलेलं. खाटकाकडून शेपटीची चरबी यायची, तिचे बारीक तुकडे करून मंद आचेवर पाण्यात कढवायचे, वर आलेली चरबी फडक्यातून गाळायची. मग ती पुन्हा गरम पाण्यात घालून घुसळायची, थिजू द्यायची आणि खालचं मळकट पाणी ओतून टाकायचं. याला त्या घरात ‘धुणं’ म्हणत. शेवटी पांढरी वडी उरली की थोडं गोडं तेल घालून घोटायची आणि डब्यांत भरायची. टाळू कोरडी पडून खपल्या धरलेल्या, खाजवून खाजवून बेजार झालेल्या माणसांना त्याने आराम पडायचा. टकलावर केस उगवतात असं मात्र या घराने कधी सांगितलं नाही. “उगवायचे असते तर आधी आमच्या ह्यांच्या डोक्यावर उगवले असते,” असं म्हणून सासूबाई गिऱ्हाइकाला हसवायच्या आणि हसता हसता डबी हातात ठेवायच्या.

या धंद्यात एक मेख होती. थंड चरबी आपलं पोट उघडं करत नाही. खवट व्हायला लागलेली चरबी डबीत साळसूदपणे बसून राहते आणि डोक्याच्या उबेला गेली की रंग दाखवते. म्हणून घाणा तयार झाला की सासूबाई संध्याकाळी थोडं मलम स्वतःच्या टाळूला चोळायच्या, धुतलेला अभ्रा घातलेल्या उशीवर झोपायच्या आणि सकाळी चहाच्या आधी तो अभ्रा काढून नाकाला लावायच्या. “पास,” म्हणाल्या की डब्या भरायच्या. काही न बोलता अभ्रा खाली ठेवला की चरबी पुन्हा धुवायची. त्यावर चर्चा नाही.

सासूबाईंनी जाताना दुकान धाकट्या सुनेला दिलं, कारण तिला जीभ होती, आणि अभ्रा थोरलीला दिला, कारण तिला नाक होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. धाकटी गिऱ्हाइकं सांभाळायची, डब्या भरायची, खाटकाशी भांडायची. ती हे सगळं धावतपळत आणि हसतखेळत करायची. थोरलीला वाटायचं, बाकीचं कुणालाही जमेल; आपल्याकडे एवढं एकच आहे. तेही गेलं असं कळलं तर या घरात आपण कोण?

म्हणून ती दर घाण्याला ठरल्याप्रमाणे अभ्रा नाकाला लावत राहिली. काही येत नव्हतं. पूर्वीही पास झालेल्या घाण्याला काही येत नसेच. “पास,” म्हणायला कष्ट पडत नव्हते.

कष्ट दुसरीकडे पडत होते. नाकाचं काम हातांनी भरून काढावं म्हणून ती चरबी गरजेपेक्षा जास्त धुवायला लागली. घुसळायची, थिजवायची, ओतायची, पुन्हा घुसळायची. खांदे भरून यायचे, बोटं सुजायची. संध्याकाळी वेणी घालतानासुद्धा हात वर राहायचे नाहीत. धाकटी म्हणायची, “जाऊबाई, चरबी धुताय की पापं?” थोरली हसायची. हसायचाही कंटाळा आला होता.

पण शिळी चरबी कितीही धुतली तरी ताजी होत नाही, आणि शिळी कुठली ताजी कुठली हे दारातच कळावं लागतं. पूर्वी ती खाटकाची पिशवी उघडून, “ही परवाची आहे, घेऊन जा,” म्हणत त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायची. आता पिशवी सरळ आत यायची. खाटकालाही पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. मग त्याने विचार केला, त्या बाईंनी घेतली म्हणजे चांगलीच असणार. पुढे तो तशीच चरबी इतरांनाही छातीठोकपणे द्यायला लागला.

त्याच सुमारास थोरलीच्या नवऱ्याने आपली खाट बाहेरच्या पडवीत हलवली. बस चालवून निवृत्त झालेला माणूस, मुळातच कमी बोलणारा. “आत कोंदट होतं,” एवढंच म्हणाला. थंडी अजून सरली नव्हती. इतक्या वर्षांनी माणसाला बायकोचा कंटाळा आला तर त्यात नवल काय, असं थोरलीने स्वतःला सांगितलं आणि एक जास्तीची गोधडी बाहेर नेऊन दिली.

अशात पार्लरवालीची मागणी आली. कालपर्यंत ही बाई चरबीचं नाव काढलं की नाक मुरडायची. तिच्या फळीवर परदेशी बाटल्या असत. आता तिच्याच गिऱ्हाइकांना कुठूनतरी नैसर्गिक, प्राण्यांपासून मिळणाऱ्या तेलांचं वेड लागलं होतं. कुणी मेंढीच्या लोकरीचं मेण विचारायचं, कुणी इमू नावाच्या उंच पक्ष्याचं तेल. “काकू, पक्षी कुठून आणू मी? तुमची मेंढी जवळ आहे,” असं म्हणून तिने भला मोठा घाणा सांगितला होता. तो तयार झाला. थोरलीने सकाळी अभ्रा नाकाला लावला, “पास” म्हणाली आणि धाकटी डब्या भरायला बसली. दुपारी पार्लरवाली माल न्यायला यायची होती.

त्याआधी मास्तरीणबाई आल्या.

मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मोठ्या आजारपणात त्यांचे केस झडले होते आणि आता नवी लव फुटत होती. टाळूला सारखी आग व्हायची, म्हणून त्या दर आठवड्याला मागच्या खोलीत स्टुलावर बसून थोरलीकडून मलम चोळून घ्यायच्या आणि एक डबी घरी न्यायच्या. आज त्यांनी बसण्याआधी खिडकी उघडली.

“गरम होतंय का बाई?” थोरलीने विचारलं.

“नाही हो. तुमच्यासाठीच उघडली. तुम्ही इतक्या जवळ उभ्या राहता, बोलत काही नाही, पण मला कळतं ना.”

“काय कळतं?”

मास्तरीणबाई स्टुलावर बसल्या. “आजारपणाचा वास जात नाही हो अंगाचा. दोनदा नहाते मी. तरी बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. वाचनालयात परवा एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि पुस्तक विसरल्यासारखं करून दुसरीकडे जाऊन बसली. मुलं अशी नाटकं करतात तेव्हा लगेच ओळखता येतात मला, आयुष्य गेलंय त्यात. आता मी जातच नाही कुठे.” मग त्या हसल्या. “डोकं तेवढं थंड राहतं तुमच्या मलमाने. तेवढंच बरं चाललंय.”

थोरलीचा हात त्यांच्या टाळूवर थांबला. बोटांना ऊब लागत होती. तिने बोटं नाकाजवळ नेली, सवयीने. काही नाही. तिने फडक्याने मास्तरीणबाईंची टाळू पुसून काढली, पाण्याने पुसली, पुन्हा फडक्याने पुसली.

“आज जास्त पुसलंत?”

“हो,” ती म्हणाली. “आजची डबी राहू द्या. नवीन देते नंतर.”

मास्तरीणबाई गेल्यावर ती पडवीत आली. नवरा खाटेवर पेपर वाचत होता. ती त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली.

“अहो, माझ्या केसांना वास येतो का?”

पेपर खाली आला नाही. “कसला?”

“खवट. खरं सांगा.”

“येतो,” पेपरामागून उत्तर आलं.

“कधीपासून?”

“थंडीपासून.”

“म्हणून खाट बाहेर आणलीत?” ती भिंतीला टेकली. “आणि मला बोलला नाहीत?”

त्याने पेपराची घडी घातली. “अगं, तू दर घाण्याला अभ्रा हुंगून पास म्हणतेस. घराबाहेरही सगळे मानतात तुझं नाक. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. वय झालं आता. डॉक्टरला दाखवणार होतो.”

“तुमचं नाक?”

“मग काय तुझं दाखवू?”

ती इतकी दमली होती की रडूही येईना. खाटेच्या कडेला बसली. नवरा जरा सरकला. जागा करून द्यायला सरकला की वासाने, हे तिने विचारलं नाही.

दुकानात पार्लरवालीचा आवाज आला. थोरली उठली.

धाकटीने डब्या खोक्यांत रचून ठेवल्या होत्या. पार्लरवालीने एक उघडून नाकाशी नेली होती. “काकू, वास अजिबात नाही हं. छानच. उद्याच पहिल्या खुर्चीपासून सुरू करते.”

“थंड आहे ती,” थोरली म्हणाली. “थांब जरा. धाकटे, माझ्या उशीचा अभ्रा आण.”

“धुवायला टाकलाय मी.”

“भिजवलास?”

“अजून नाही.”

“मग आण.”

धाकटी अभ्रा घेऊन आली आणि थोरलीपुढे धरला. थोरलीने हात पुढे केला नाही.

“तू घे वास.”

“मी?” धाकटी हसली. “तुम्ही घेतलात की सकाळी. मी काय नव्याने सांगणार?”

“घे म्हणते ना.”

धाकटीने अभ्रा नाकाला लावला. तिचं हसू गेलं. तिने पार्लरवालीकडे पाहिलं, मग थोरलीकडे, मग खोक्यांकडे. “ठीक वाटतोय,” ती म्हणाली.

“वाटतोय नको. काय येतं ते सांग.”

“जाऊबाई, पाहुण्यांसमोर...”

“मला वास येत नाही,” थोरली म्हणाली. हे वाक्य एवढं छोटं असेल असं तिला वाटलं नव्हतं. “थंडीतल्या तापापासून येत नाही. मी नुसतीच पास म्हणत होते. आता सांग.”

धाकटीने अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“खवट आहे,” ती म्हणाली. “मागचाही होता. मला डब्या भरताना जाणवायचं. पण तुम्ही पास म्हटलेलं, म्हणून मीच नाकात व्हॅसलीन घालून बसायचे. मला वाटलं, मला मेलीला काय अक्कल!”

पार्लरवालीने हातातली डबी हळूच खोक्यात ठेवली आणि बोटं ओढणीला पुसली. ती वाईट बाई नव्हती. “चांगलं झालं तर कळवा,” एवढंच म्हणून गेली. ‘झालं तर’ हे तिने जरा जोर देऊनच म्हटलं, आणि ते योग्यच होतं.

तो सगळा घाणा साबणवाल्याने नेला. त्याला खवट चालतं. ज्यांच्या घरी डब्या गेल्या होत्या त्यांच्याकडे धाकटी स्वतः फिरली, मिळाल्या तेवढ्या परत घेऊन आली, आणि पुष्कळांनी तिला सांगितलं की आम्हाला वास आला होता, पण तुमच्या घरचं म्हणून आम्ही गप्प बसलो.

मास्तरीणबाईंकडे थोरली स्वतः गेली. त्यांनी दार अर्धवटच उघडलं आणि आपण दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या. ते मागे सरकणं पाहून थोरलीला जे सांगायचं होतं ते सगळं एकदम आठवेना.

“तुमचा वास नव्हता तो, बाई. माझ्या मलमाचा होता.”

“म्हणजे?”

“माझं नाक गेलंय. चरबी शिळी होती. मी तीच तुमच्या डोक्याला चोळली, दर आठवड्याला. आजारपणाचं काही नाही त्यात.”

मास्तरीणबाईंनी दाराची कडी धरली. “नक्की?”

“नक्की.”

“मी टॉवेल वेगळे केले होते घरात,” त्या म्हणाल्या. “सुनेला कळू नये म्हणून वर गच्चीत वाळत घालत होते. जिना चढवत नाही मला.” आणि मग, “या आत,” असं न म्हणता त्यांनी दार लावून घेतलं. थोरली थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग घरी आली. चालताना तिला वाटलं, आपण ओरडा खायला गेलो होतो आणि तो मिळाला नाही.

घरी येऊन तिने केस धुतले, साबण लावून, पुन्हा लावून. नवऱ्याने खाट आत आणली नाही. पडवीत हवा चांगली येते म्हणाला. गोधडी मात्र आत पाठवली.

पुढचा घाणा झाला तेव्हा मलम धाकटीच्या टाळूला लागलं. खाटकाची पिशवी तिनेच दारात उघडली होती आणि ती दोनदा परत पाठवली होती. त्यावरून झालेलं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं. धुताना मात्र तिने नेहमीसारखी घाई केली होती. थोरलीला ते दिसत होतं, पण ती बोलली नव्हती.

सकाळी थोरली अजून अंथरुणातच होती. कित्येक महिन्यांत ती एवढ्या उशिरापर्यंत झोपली नव्हती. धाकटी विस्कटलेल्या केसांनी, हातात अभ्रा घेऊन तिच्या उशाशी आली आणि तो तिच्यापुढे धरला. सवयच ती. थोरलीनेही सवयीनेच तो नाकाला लावला. कापड गार होतं, थोडं तेलकट. बाकी काही नाही. तिने तो परत दिला.

“काय म्हणतेस?” तिने विचारलं.

धाकटीने अभ्रा हुंगला. थांबली. पुन्हा हुंगला. तिच्या कपाळाला आठी पडली, सासूबाईंच्या पडायची तशी नाही, तिची स्वतःची.

“शिळी नाही. पण मळ राहिलाय,” ती हळूच म्हणाली. “आणखी एकदा धुवायला हवी, जाऊबाई.”

थोरलीने गोधडी खांद्यावर ओढली.

“मग धू,” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.